बडोद्याहून पहिल्यांदा श्रीलंकेला: काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं

दिवाळी जवळ आली की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी फोन सुरू होतात. ‘यंदा श्रीलंका करायची म्हणतोय, सहा दिवस आहेत, काय काय होईल?’ मी दोनदा जाऊन आले आहे. एकदा डिसेंबरात नवऱ्याबरोबर आणि एकदा ऑगस्टात आईला घेऊन. पहिल्या खेपेला सहा दिवसांत आठ गावं उरकली, आणि त्यातलं बहुतेक आज आठवतं ते गाडीच्या काचेतून दिसलेलं. दुसऱ्या खेपेला दहा दिवसांत चारच मुक्काम केले. गुडघे दुखणारी आई त्या दहा दिवसांत मजेत फिरली. म्हणून फोनवर जे सांगते तेच इथे नीट लिहून ठेवते, जायच्या क्रमानं.

आधी महिना ठरवा, मग नकाशा उघडा

श्रीलंका 65,610 चौरस किलोमीटरची, म्हणजे गुजरातच्या एक तृतीयांश. त्यामुळे सगळं हाताशी आहे असं वाटतं. पण या छोट्या बेटाला दोन पावसाळे आहेत आणि मधले डोंगर त्यांची वाटणी करतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे कोलंबो, गॉल आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतात. तेव्हा त्रिंकोमली आणि पूर्व किनारा कोरडा, निळाशार असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी वारे ईशान्येकडून येतात आणि सगळं उलटं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरी दोन्हीकडे पडतात.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. आपल्या मुलांना सुट्टी असते ती दिवाळीत, आणि नेमका तोच काळ तिथे सर्वांत बेभरवशाचा. जमलं तर नाताळाच्या सुट्टीत किंवा जानेवारी-फेब्रुवारीत जा, म्हणजे दक्षिण किनारा मिळेल. उन्हाळ्याच्या सुट्टीतच जायचं असेल तर गॉलचा हट्ट सोडा आणि शेवटचे दिवस त्रिंकोमलीला ठेवा. मधला कोरडा पट्टा, जिथे सिगिरिया आणि जुन्या राजधान्या आहेत, तो ऑगस्टातही छान बघता येतो.

कागद, विमान, गाडी

बडोद्याहून कोलंबोला थेट विमान नाही. आम्ही दोन्ही वेळा रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली आणि तिथून थेट विमान घेतलं. प्रवेशाची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. तिचे नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा आणि तिथेच अर्ज करा. पहिल्या खेपेला आम्ही एका एजंटाकडून हे काम करून घेतलं, त्यानं पासपोर्टचा एक आकडा चुकवला आणि विमानतळावर आमचा जीव टांगणीला लागला. पासपोर्टची मुदत परतीनंतरही निदान सहा महिने हवी.

विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, शहराच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर. रात्री उतरलात तर कोलंबोच्या गर्दीत शिरू नका. जवळच नेगोंबो आहे, तिथे झोपा आणि पहाटे थेट आतल्या भागाकडे निघा. घड्याळ हलवायची गरज नाही, वेळ आपलीच आहे. तिथला रुपया मात्र वेगळा, तो उतरल्यावर लागेल तेवढाच बदलून घ्या.

चार-पाच जण असाल तर चालकासह गाडी सर्वांत सोयीची. ठरवतानाच तीन गोष्टी बोलून घ्या: रोजचे किलोमीटर किती, पार्किंग आणि टोल कुणाचा, आणि चालकाच्या राहण्या-जेवणाचं काय. काही हॉटेलांत चालकासाठी खोली असते, काहींत नसते, आणि रात्री दहाला हा प्रश्न निघाला की सगळ्यांचाच विरस होतो. अंतरं किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. डोंगरात ताशी तीस-पस्तीसच धरा. सिगिरिया ते कँडी नव्वदेक किलोमीटर आहे आणि त्याला तीन तास सहज जातात.

पहिला मुक्काम: सिगिरिया, निदान तीन रात्री

इथे घाई करणाऱ्यांना मी हात जोडून थांबवते. एका मुक्कामावरून सिगिरिया, दांबुल्ला, पोलोन्नरुवा आणि मिन्नेरियाचे हत्ती असं चारही होतं, रोज सामान बांधावं लागत नाही.

सिगिरिया म्हणजे सपाट रानातून उभा राहिलेला सुमारे 200 मीटर उंचीचा एकच खडक. बापाला, धातुसेनाला, मारून गादीवर बसलेल्या कश्यपानं (इ.स. 477 ते 495) या खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दार उघडतं तेव्हाच तिथे हजर राहा. डिसेंबरात आम्ही अकराला चढायला लागलो आणि लोखंडी जिन्यावर, ना सावली ना वारा, अर्ध्यात बसून राहावं लागलं. आईबरोबर पहाटे गेलो तेव्हा ती सिंहाच्या पंजांपर्यंत आरामात पोचली. तिथे एक मोकळी जागा आहे, बसायला मिळतं. पूर्वी वरची वाट सिंहाच्या जबड्यातून जायची; आता विटांचे दोन प्रचंड पंजे उरलेत. आई तिथेच थांबली, आम्ही माथ्यावर जाऊन आलो. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हे असं वाटून घ्या, त्यात काही बिघडत नाही. खालची पाण्याची उद्यानं आणि कारंजी बघायला चढावंच लागत नाही.

पंजांच्या खाली, खडकाच्या पोटात, त्या प्रसिद्ध स्त्रियांची चित्रं आहेत: ढगांतून वर आलेल्या, हातात फुलं घेतलेल्या. ज्यांनी अजिंठा पाहिलं आहे त्यांनी इथे पाच मिनिटं जास्त उभं राहावं. पाचव्याच शतकात वाकाटकांच्या राज्यात अजिंठ्याच्या भिंती रंगत होत्या. डोळ्यांची ठेवण, बोटांची लय बघितली की ओळखीचं माणूस परमुलखात भेटावं तसं होतं. फोटो काढायला बंदी आहे, आणि ती पाळा. जवळच आरशासारखी घोटलेली भिंत आहे. आठव्या ते दहाव्या शतकात येऊन गेलेल्या प्रवाशांनी तिच्यावर त्या चित्रांना उद्देशून कविता कोरल्या. श्रीलंकेचे पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या 685 वाचून 1956 साली प्रसिद्ध केल्या. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची माणसं इथे चढून, धापा टाकत, थांबून कविता करत होती, हे मला त्या राजवाड्यापेक्षा मोठं वाटतं.

तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून सार्क देशांच्या नागरिकांची सवलत आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. परदेशी माणसाचं तिकीट महाग असतं, सवलतीनं बराच फरक पडतो.

दांबुल्ला दुपारी चार नंतर. डोंगराच्या कपारीत पाच लेणी आहेत, राजा वळगंबा याच्याशी जोडलेली, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली. आपल्याकडची लेणी कोरून काढलेली असतात. इथे नैसर्गिक गुहेच्या छताला रंग दिला आहे, आणि खडक जिथे वळतो तिथे चित्रही वळतं, चांदणीचं कापड ताणून बांधावं तसं. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अंगणाचा दगड तापलेला असतो. जुने मोजे जवळ ठेवा.

पोलोन्नरुवा सायकलवर. प्रवेशाजवळच सायकली भाड्यानं मिळतात आणि अवशेषांमधले रस्ते सपाट, झाडांच्या सावलीचे आहेत. चोळांनी अनुराधपूर पाडल्यावर राजधानी इथे आली. पुढे बाराव्या शतकात पराक्रमबाहूनं तिला वैभव दिलं. गल विहाराच्या एकाच ग्रॅनाइट खडकातल्या चार मूर्ती चुकवू नका. आडवा बुद्ध चौदा मीटरांचा आहे, डोक्याखालची उशीसुद्धा दबलेली दाखवली आहे. शेजारी हातांची घडी छातीशी घेऊन उभी असलेली मूर्ती बुद्धाची की शोकात बुडालेल्या त्याच्या शिष्याची, आनंदाची, यावर जाणकारांत अजून वाद आहे. आईनं बघितल्याबरोबर सांगितलं, आनंदाची.

या मुलखात तळ्याला ‘वॅव’ म्हणतात, आणि ही सगळी संस्कृती तळ्यांवर उभी आहे. आकाशातून पडलेला थेंब उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला जाऊ नये, असं पराक्रमबाहूचं म्हणणं जुन्या बखरींत नोंदलं आहे. त्यानं बांधलेल्या तळ्याला आजही पराक्रम समुद्र म्हणतात. सयाजीरावांनी बांधलेल्या आजव्याचं पाणी पिऊन वाढलेल्या आपल्याला यातली थोरवी वेगळी सांगायला नको. मिन्नेरियाचं तळं त्याहून जुनं, तिसऱ्या शतकातल्या महासेनाचं. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या गाळात कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या रानांतून हत्तींचे कळप तिथे जमतात. आम्ही एका संध्याकाळी शंभराच्या पुढे मोजले. जीपवाल्याला आधीच सांगा की कळपाच्या जवळ नको, इंजिन बंद करून लांब उभा राहा. पिल्लं मग आपोआप पुढे येतात.

दिवस जास्त असतील तर अनुराधपूरही करा. अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं बोधगयेहून आणलेल्या फांदीचा महाबोधी वृक्ष तिथे आहे. माणसांनी लावलेल्या आणि नोंद असलेल्या झाडांत तो जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी.

जेवणाचं आधीच समजून घ्या

शाकाहारी मंडळींनी हा भाग नीट वाचावा. खोबऱ्याचा लालभडक चुरा, पोळ संबोल, बघून आपण आपली ओल्या नारळाची चटणी समजतो. त्यात बहुतेक वेळा सुक्या माशाची पूड, उंबलकड, घातलेली असते. भाज्यांतही असते. ‘मालू एपा, मस एपा’ म्हणजे मासे नकोत, मांस नको, हे पाठ करा आणि संबोलसाठी वेगळं विचारा.

बाकी काळजी नको. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं वरण. आप्प हे वाटीच्या आकाराचं आपलं घावनच, कडा कुरकुरीत आणि मध्ये मऊ. इंदिआप्प म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या शेवया. म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही, वर कितुल माडाचा पाक: आई रोज रात्री फक्त हेच मागायची. उन्हात बाटलीबंद थंड पेयांपेक्षा थंबिली, म्हणजे केशरी शहाळं, घ्या. चिवडा आणि भाखरवडी न्या, पण बॅग भरून नेऊ नका.

जाताजाता कान उघडे ठेवा. सिंहली ही आपल्याच भाषाकुळातली. हात म्हणजे ‘अत’, दात म्हणजे ‘दत’, गाव म्हणजे ‘गम’, दिवस म्हणजे ‘दवस’, आणि मोजायचं ‘एक, देक, तुन, हतर, पह’. चालकाकडून दहा शब्द शिकलो आणि पुढचे दिवस गाडीत वेगळेच गेले. भेटल्यावर हात जोडून ‘आयुबोवन’ म्हणा. दीर्घायुषी व्हा, असा त्याचा अर्थ.

दुसरा मुक्काम: कँडी, दोन रात्री

कँडीचं राज्य 1815 साली इंग्रजांनी घेतलं, तोवर ते युरोपीय सत्तांना दाद देत नव्हतं. इथे बुद्धाचा दात जपलेला आहे. चौथ्या शतकात कलिंगाची राजकन्या हेममाली हिनं तो केसांत लपवून आणला अशी परंपरा सांगते. दिवसा जाऊन घाईनं बघू नका, संध्याकाळच्या पूजेला जा. ढोल वाजू लागतात, वरच्या गाभाऱ्याचं दार उघडतं आणि शुभ्र कपड्यांतली माणसं कमळाची, चाफ्याची फुलं हातांत धरून मुकाट पुढे सरकतात. दात दिसत नाही, सोन्याचा करंडक दिसतो, तोही क्षणभर. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पांढरे सुती कपडे नेलेत तर उत्तम. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथे तो मोठा अपमान समजतात.

बडोदेकरांनी निघण्याआधी एक गोष्ट करावी असं मला मनापासून वाटतं. शामळाजीजवळ देवनी मोरीचा स्तूप आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठानं 1960 ते 1963 मध्ये उत्खनन करून उजेडात आणला. त्यात सापडलेल्या दगडी करंडकावर ‘दशबलाच्या शरीराचं निवासस्थान’ अशा अर्थाचा लेख आहे; दशबल म्हणजे बुद्ध. म्हणजे बुद्धाचे अवशेष जपणाऱ्या अशाच एका करंडकाचा वारसा आपल्या गावात आहे, आणि आपल्यातल्या कितीजणांना त्याची कल्पना आहे? दुसरं, कमाटी बागेतली संकल्पभूमी. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकून 1917 साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर आले आणि जातीमुळे त्यांना या शहरात राहायला छप्पर मिळालं नाही. तेच बाबासाहेब मे 1950 मध्ये बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले, आणि सहा वर्षांनी नागपूरला त्यांनी धम्म स्वीकारला. कमाटी बागेत जिथे झाडाखाली बसून त्यांनी जातीविरुद्ध लढायचा संकल्प केला, तिथे उभं राहून मग कँडीला गेलात तर पूजेतले ढोल निराळे ऐकू येतील.

जुलै-ऑगस्टात कँडीचा एसळ पेरहेर असतो, सजवलेले हत्ती, मशाली आणि नर्तकांची मिरवणूक. त्या दिवसांत खोल्या महिनोन् महिने आधी धराव्या लागतात. गर्दी सोसत नसेल तर त्या तारखा टाळा. शहराबाहेरची पेरादेनियाची वनस्पती बाग मात्र सर्वांना जमते, सावलीतून चालता येतं, बाकं भरपूर आहेत. आणि दर पौर्णिमेला, त्यांच्या ‘पोय’ला, देशभर सुट्टी असते, देवळांत गर्दी असते. पंचांग बघूनच निघा.

तिसरा मुक्काम: चहाचा डोंगर

कँडीहून एल्लाकडे जाणारी रेल्वे हे या सहलीतलं सर्वांत देखणं अर्धा दिवसाचं बसणं. सहा-सात तास लागतात. राखीव जागा लवकर संपतात, म्हणून आरक्षण खुलं होईल त्या दिवशीच करा. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याची खिडकी उघडत नाही. दुसऱ्या वर्गाची उघडते आणि वाऱ्याबरोबर चहाच्या मळ्यांचा ओला वास आत येतो. दुसरा वर्गच घ्या. पूर्ण प्रवास लांब वाटला तर नानू ओयाला चढा, तिथून एल्ला तीनेक तास. दरडी कोसळल्या की हा मार्ग बंद पडतो, म्हणून निघायच्या आठवड्यात गाडी पूर्ण अंतर धावते आहे ना, हे विचारून घ्या. चालकाला सामानासह रस्त्यानं पुढे पाठवता येतं. दारात लटकून फोटो काढू नका, बोगदे अचानक येतात.

या डोंगरांत आधी कॉफी होती. 1870 च्या दशकात पानांवरच्या तांबेऱ्यानं ती संपवली, आणि 1867 मध्ये जेम्स टेलरनं लूलकंदुरा मळ्यात लावलेला चहा सगळीकडे पसरला. खुडणाऱ्या बायका मुख्यतः तामिळनाडूतून आणलेल्या मजुरांच्या वंशातल्या. मळ्यात शिरून न विचारता त्यांचे फोटो काढू नका, कामाच्या वेळी त्यांना थांबवू नका. त्यांना दिवसाच्या पानांचं वजन भरायचं असतं.

नुवर एलियाजवळ सीता एलियाला सीतेचं देऊळ आहे, अशोकवन तेच असं भाविक मानतात. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1975 मध्ये बडोद्याच्याच प्राच्यविद्या मंदिरानं प्रसिद्ध केली, त्यामुळे मला त्या छोट्या देवळापाशी आपल्या गावाची आठवण आली. अर्धा तास पुरतो.

हॉर्टन प्लेन्सला जायचं तर पहाटे साडेपाचला गेटवर. सव्वादोन हजार मीटरांच्या आसपासचं गवताळ पठार, सांबरं, आणि शेवटी जमीन एकदम तुटते तो कडा, जवळजवळ 880 मीटर खोल. नऊ-दहानंतर धुकं वर येतं आणि कडा दिसेनासा होतो. वाट सुमारे साडेनऊ किलोमीटरची आहे. स्वेटर न्या, खरंच थंडी असते. एल्लाजवळचा नऊ कमानींचा दगड-विटांचा पूल 1921 सालचा आहे, पोलादाशिवाय बांधलेला. गाडीची वेळ विचारून जा.

शेवट: दक्षिण किनारा

हे नाताळ ते मार्चच. एल्लाहून खाली उतरताना बिबट्यासाठी यालाला जायचं की हत्तींसाठी उडवलवेला? मुलं बरोबर असतील तर मी उडवलवे सांगते. बिबट्या दिसेलच असं नाही आणि यालात जीपगाड्यांची फार दाटी होते. उडवलवेत हत्ती बारा महिने दिसतात. मिरिस्साहून निळे देवमासे बघायला बोटी सुटतात, डिसेंबर ते एप्रिल. बोट लागणाऱ्यांनी गोळी आदल्या रात्रीच घ्यावी.

गॉलचा किल्ला पोर्तुगिजांनी सुरू केला, डचांनी बांधून काढला. आत आजही लोक राहतात, शाळा सुटते, मशिदीतून बांग येते. दुपारी खोलीत पडून राहा आणि साडेपाचला तटावर चढा, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला क्रिकेटचं मैदान. तिथून द्रुतगती मार्गानं कोलंबो दोन तास.

परतीचं विमान रात्रीचं असेल तर दुपार कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्या. तिथे गॉलला सापडलेला एक शिलालेख आहे. ‘झेंग हे’ नावाच्या चिनी दर्यासारंगाचा, 1409 सालचा. चिनीत बुद्धाला, तामिळमध्ये विष्णूच्या अवताराला आणि फारसीत अल्लाला दान दिल्याचं एकाच दगडावर लिहिलं आहे. बघून झालं की चारच्या सुमाराला निघा, संध्याकाळी विमानतळाच्या रस्त्याला वाहतूक तुंबते.